सामाईक भागाचे गणित : दामोदर धर्मानंद कोसंबी

बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने एका थोर गणितज्ञाचे चरित्र लिहायला घ्यावे, हे वाचकांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. पण याला कारण घडली माझी एक चूक, आणि ती सांगितल्यावाचून मी या चरित्राकडे का वळलो हे कळणार नाही. म्हणून आधी चुकीचीच हकीकत सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या सांख्यिकीच्या चाचणीत संभाव्यतेवर एक उदाहरण आले होते. एका वर्गात ६० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ४० जण मराठी वर्तमानपत्र वाचतात, ३६ जण कानडी वर्तमानपत्र वाचतात आणि २२ जण दोन्ही वाचतात. चिठ्ठी टाकून एक विद्यार्थी निवडला, तर तो किमान एक वर्तमानपत्र वाचणारा असण्याची संभाव्यता किती? मी ४० आणि ३६ यांची बेरीज केली, तिला ६० ने भागले, १.२७ असे उत्तर लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढून मोकळा झालो. संभाव्यता एकापेक्षा जास्त असूच शकत नाही, हे पहिल्याच तासाला शिकवलेले होते. तरीही ६० जणांच्या वर्गात मी ७६ वाचक बसवले होते!

पेपर परत मिळाला तेव्हा समासात सरांनी एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे काढलेली होती आणि मधल्या भागात २२ हा आकडा लिहिला होता. बाकी शेरा नव्हता. चूक लगेच ध्यानात आली. जे २२ जण दोन्ही पत्रे वाचतात, ते ४० मध्येही आले आणि ३६ मध्येही आले. म्हणजे मी त्यांना दोनदा मोजले. ७६ मधून २२ एकदा वजा केले की ५४ उरतात आणि ५४ भागिले ६० म्हणजे ०.९ हे बरोबर उत्तर मिळते. त्याच उदाहरणाचा पुढचा भाग असा होता की, निवडलेला विद्यार्थी दोहोंपैकी फक्त एकच पत्र वाचणारा असण्याची संभाव्यता काढा. तेथे २२ एकदा वजा करून भागत नाही, दोनदा वजा करावे लागतात. कारण मधल्या लोकांना आता मोजायचेच नाही. ७६ मधून ४४ गेले की ३२ उरतात, आणि उत्तर ०.५३ येते. किमान एक आणि फक्त एक, या दोन शब्दांत सगळा फरक साठलेला आहे.

ती दोन वर्तुळे पाहताना आणखी एक गोष्ट मनात आली. घरात मराठी, शाळा मराठी माध्यमाची, बाजारात आणि कचेरीत कानडी, अशा रीतीने निपाणी-बेळगाव भागात वाढलेला मी त्या मधल्या भागातलाच एक आहे. ज्यांना मी दोनदा मोजले, ते माझ्यासारखेच होते. पुढच्या तासाला सरांनी बोलता बोलता सांगितले की, या मधल्या भागाचाच विचार करून आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाने एक सूत्र दिले आणि ते आज जगभर वापरले जाते. त्या माणसाचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. आमच्यापैकी अनेकांना हे नाव इतिहासकार म्हणून ठाऊक होते. सांख्यिकीच्या तासाला ते कसे आले, या कुतूहलाने मी ग्रंथालयात गेलो आणि मग त्या चरित्रात गुंतून पडलो.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. त्यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे पंडित. ज्ञानाच्या ओढीने धर्मानंद तरुणपणी घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करीत त्यांनी विद्या मिळवली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, त्यामुळे दामोदरचे सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना बोलावणे आले, तेव्हा १९१८ मध्ये त्यांच्याबरोबर अकरा वर्षांचा दामोदरही अमेरिकेला गेला. शाळेचे शिक्षण तेथेच पुरे करून त्याने हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला आणि १९२९ मध्ये अत्युच्च श्रेणीत पदवी मिळवली. गणित तर होतेच. त्याखेरीज ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषांतही त्याने चांगली गती मिळवली होती. जॉर्ज बर्कहॉफ या नामवंत गणितज्ञाने त्याला गणितावरच लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला होता असे सांगतात. हा सल्ला कोसंबींनी आयुष्यभरात कधी पाळला नाही, आणि त्याचे बरेवाईट दोन्ही परिणाम त्यांना भोगावे लागले.

भारतात परतल्यावर ते आधी बनारस हिंदू विश्वविद्यालयात आणि नंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणिताचे अध्यापन करू लागले. अलीगढला त्या वेळी आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणितज्ञ विभागप्रमुख होता; पुढे तो विसाव्या शतकातील श्रेष्ठ गणितज्ञांत गणला गेला. त्यानंतर कोसंबी पुण्यात आले आणि ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकवली, तेथेच ते गणित शिकवू लागले. १९४५ पर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, ते तेथे होते. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. कोसंबींचा स्वभाव तिखट होता. अर्धवट तयारीने वर्गात येणारा विद्यार्थी त्यांना खपत नसे, आणि अर्धवट तयारीने लिहिणारा पंडितही खपत नसे.

फर्ग्युसनमधील याच दिवसांत त्यांनी सांख्यिकी स्वतःहून शिकून घेतली. सूत्रे पुस्तकात वाचून त्यांचे समाधान होत नसे. एखाद्या खऱ्या वस्तूवर ती लावून पाहावीत, असा त्यांचा आग्रह असे. वस्तू म्हणून त्यांनी निवडली प्राचीन चांदीची नाणी. तक्षशिलेला सापडलेली ठसेवाली नाणी त्यांनी एकेक करून काट्यावर तोलली. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. जितके जास्त फिरेल तितके सरासरी वजन कमी होते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढतो. हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलली. वजनाच्या आधाराने कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा, हा क्रम लावता येतो असे त्यांनी दाखवले. इतिहासाच्या दारात ते असे काटा हातात घेऊन शिरले. आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना सरासरी आणि प्रमाण विचलन हे शब्द रोजचे आहेत, पण त्यांच्याने मौर्यांचा काळ वाचता येतो हे मला तरी ठाऊक नव्हते.

आता सरांनी सांगितलेल्या त्या सूत्राकडे वळतो. हे सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील एका नियतकालिकात अवघ्या चार पानांच्या निबंधात मांडले. त्याचा विषय होता आनुवंशिकता. बहुतेक प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात; जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आलेले, दुसरे बापाकडून आलेले. गुणसूत्रावर जनुके ओळीने मांडलेली असतात. पुढच्या पिढीसाठी बीजपेशी तयार होताना या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपापसांत अदलाबदल होते. दोन जनुके जवळजवळ असतील तर त्यांच्या मध्ये अदलाबदल होण्याची संभाव्यता कमी, लांब असतील तर जास्त. म्हणून ती जनुके किती संततीत वेगळी झाली हे मोजले की त्यांच्यातील अंतराचा अंदाज येतो. टॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने १९१३ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा याच रीतीने काढला.

यात एक अडचण आहे, आणि ती नेमकी आमच्या चाचणीतील अडचण आहे. ती समजावी म्हणून निपाणीचेच उदाहरण घेतो. निपाणीहून कोल्हापूरला जाताना कोगनोळी नाका ओलांडला की माणूस कर्नाटकातून महाराष्ट्रात जातो. समजा एखाद्याने कोण कुठे आहे याची मोजदाद सकाळी एकदा आणि रात्री एकदा केली. जो सकाळी कोल्हापूरला गेला आणि तिकडेच राहिला, तो सीमा ओलांडलेला म्हणून मोजला जाईल. पण जो सकाळी जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत आला, तो दोन्ही वेळा निपाणीतच सापडेल. त्याने सीमा दोनदा ओलांडली, पण मोजणाऱ्याच्या वहीत एकदाही ओलांडली नाही! गुणसूत्रावर असेच होते. एका टोकाचे जनुक आणि दुसऱ्या टोकाचे जनुक यांच्या मध्ये एक अदलाबदल झाली तर ती वेगळी होतात; दोन झाल्या तर ती पुन्हा एकाच बाजूला येतात, आणि काहीच घडले नाही असे दिसते.

म्हणून ओळीने असलेली तीन जनुके घेतली, तर पहिल्या टप्प्यातील अदलाबदल आणि दुसऱ्या टप्प्यातील अदलाबदल यांची नुसती बेरीज करून चालत नाही. येथे आपल्याला फक्त एकच अदलाबदल झालेल्या संततीची संख्या दिसते. तेव्हा दोन्ही झालेल्यांची संख्या बेरजेतून दोनदा वजा केली पाहिजे. मराठी-कानडी वर्तमानपत्रांच्या उदाहरणात ७६ मधून ४४ वजा केले, तोच हा हिशेब होय.

पण तेथे २२ हा आकडा प्रश्नातच दिलेला होता. जनुकांच्या बाबतीत तो कुणी द्यायचा? सोपा मार्ग असा की, दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे मानावे आणि त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा. जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये हा मार्ग घेऊन सूत्र दिले होते. तथापि सोप्या मार्गात धोका असतो. आमच्या वर्गाचेच पाहा. ४० गुणिले ३६ भागिले ६० असे केले तर दोन्ही पत्रे वाचणारे २४ यायला हवेत. प्रत्यक्षात ते २२ दिले होते. मी घरी ते उदाहरण पुन्हा सोडवताना नेमके हेच केले, दिलेला आकडा बाजूला ठेवून गुणाकार केला, आणि दुसऱ्यांदा चुकलो. दोन घटना स्वतंत्र आहेत असे कुणी सांगितलेच नव्हते; मीच ते गृहीत धरले होते.

गुणसूत्रांवरील घटनाही स्वतंत्र नसतात हे प्रयोगांत दिसून आले होते. एका जागी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ लगेच दुसरी होण्यास अडथळा येतो. नुकताच कोल्हापुरात उतरलेला माणूस त्याच पावली निपाणीची गाडी पकडत नाही, तसेच काहीसे. अंतर वाढत गेले की हा अडथळा विरळ होतो, आणि खूप अंतरावर दोन्ही घटना जवळपास स्वतंत्र होतात. कोसंबींनी हा अडथळा अंतराप्रमाणे कसा बदलतो याचे एक साधे गृहीतक मांडले. अंतर शून्याजवळ असेल तर दोन्ही घटना एकत्र घडणे जवळजवळ अशक्य, आणि अंतर वाढेल तसे ते गुणाकाराच्या आकड्याकडे सरळ प्रमाणात सरकत जाते. यातून त्यांचे सूत्र निघाले. दोन टप्प्यांच्या प्रमाणांची बेरीज करावी; त्यांच्या गुणाकाराची चौपट करून तीत एक मिळवावा; आणि या संख्येने बेरजेला भागावे.

आकड्यांत पाहू. १,००० संततीपैकी पहिल्या टप्प्यात अदलाबदल झालेल्या १०० आणि दुसऱ्या टप्प्यात झालेल्या २०० आहेत असे धरा. नुसत्या बेरजेने दोन्ही टोके ३०० संततीत वेगळी दिसायला हवीत. स्वतंत्र घटना मानल्या तर दोन्ही अदलाबदली झालेल्या २० येतात, त्या दोनदा वजा करून २६० उरतात. कोसंबींच्या सूत्राने ०.३० ला १.०८ ने भागायचे, म्हणजे सुमारे ०.२७८, अर्थात २७८ संतती. याचा अर्थ दोन्ही अदलाबदली झालेल्या २० नव्हेत, सुमारे ११ च. मधला भाग इतका आक्रसतो. हे उदाहरण मी वहीत तीनदा करून पाहिले तेव्हा कुठे माझी खात्री पटली की, यात बी.कॉम.च्या संभाव्यतेच्या प्रकरणापलीकडचे अवघड असे काही नाही. अवघड होते ते योग्य जागी शंका घेणे. भात, ज्वारी, हरभरा अशा पिकांच्या गुणसूत्रांचे नकाशे काढताना आजही संशोधकांना हाल्डेनचे सूत्र की कोसंबींचे सूत्र अशी निवड करावी लागते. मोठमोठ्या संगणक-प्रणालींत ही दोन नावे शेजारी शेजारी दिलेली असतात. शास्त्रज्ञांपैकी कित्येकांना हे कोसंबी म्हणजेच इतिहासकार कोसंबी, हे माहीत नसते. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना बहुधा हे सूत्र माहीत नसते.

कोसंबींच्या संस्कृतच्या कामातही मला तीच दोन वर्तुळे दिसली. भर्तृहरीच्या नावावर देशभर असंख्य सुभाषिते चालतात. प्रत्येक प्रांताच्या पोथ्यांत थोडी वेगळी, काही सामाईक, काही कुठेच न सापडणारी. कोसंबींनी शेकडो हस्तलिखिते जमवून ती एकमेकांशी ताडून पाहिली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. जे श्लोक बहुतेक सर्व परंपरांत सापडतात असे सुमारे २०० श्लोक त्यांनी पहिल्या गटात घातले. काही परंपरांतच असलेले दुसऱ्या गटात. आणि तुरळक कुठेतरी आढळणारे तिसऱ्या गटात. भर्तृहरीचे म्हणून सर्वांत विश्वासाचे कोणते, तर जे सगळ्या वर्तुळांच्या सामाईक भागात आहेत ते. पंडितांच्या कामात संचांची ही पद्धत अशी सहज येऊन बसलेली पाहून नवल वाटते.

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि तिच्या आरंभीच्या काळातच कोसंबींना गणितासाठी बोलावून घेतले. राहायला ते पुण्यातच होते. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन ते पुण्याच्या आसपासचे डोंगर, लेणी, खेडी पालथी घालीत. गावाबाहेरच्या म्हसोबाला आणि मातृदेवतांना कुठे शेंदूर लागतो, धनगरांचे कळप कोणत्या वाटेने जातात, कार्ले आणि जुन्नरची लेणी कोणत्या व्यापारी मार्गावर आहेत, हे ते पायी चालून पाहात. यातून १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा ग्रंथ निघाला आणि इतिहासलेखनाची दिशाच बदलली. १९६२ च्या त्यांच्या निबंधसंग्रहात पंढरीच्या वाटेवरील देवस्थाने आहेत आणि गोव्यातील जुन्या गावसंस्थेवरचा निबंधही आहे. पोथी, नाणे, दगडी हत्यार आणि जिवंत रूढी यांची साक्ष एकत्र घेण्याच्या या रीतीला त्यांनी संयुक्त पद्धती असे नाव दिले आणि १९६३ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला.

यापुढचा भाग लिहिताना हात थोडा अडखळतो. पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. १८५९ मध्ये रीमान या जर्मन गणितज्ञाने मूळ संख्यांच्या विभागणीशी निगडित असे एक अनुमान मांडले होते. ते आजही सिद्ध झालेले नाही. बरोबर १०० वर्षांनी, १९५९ मध्ये, ते संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध होते असा दावा कोसंबींनी केला आणि तो निबंध कृषी सांख्यिकीच्या एका भारतीय नियतकालिकात छापला. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही. संभाव्यतेचा युक्तिवाद फार तर असे सांगू शकतो की, चिठ्ठ्या टाकून निवड केली तर अमुक गोष्ट जवळजवळ नेहमी घडेल. पण मूळ संख्या कुणी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. त्या आहेत तशा ठरलेल्या आहेत, आणि सिद्धतेत जवळजवळ या शब्दाला जागा नसते. १९४४ च्या सूत्रातही एक गृहीतक होतेच. पण तेथे ते प्रयोगातील माश्यांशी आणि पिकांशी ताडून पाहता येत होते, आणि थोडे कमीजास्त झाले तरी सूत्र उपयोगी पडत होते. येथे तशी सवलत नव्हती. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या गृहीतकावर इतक्या नेमकेपणाने बोट ठेवले, त्याचे स्वतःचे गृहीतक त्याला दिसले नाही, ही मला या चरित्रातील सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते. माझ्या चाचणीतील चुकीशी तिची तुलना करणे हास्यास्पद होईल, तरी चुकीचा प्रकार मला अगदीच परका वाटत नाही.

या प्रकरणाने त्यांची गणिती प्रतिष्ठा खालावली. त्यातच ते अणुशक्तीवरील खर्चाचे उघड टीकाकार होते आणि भारतासारख्या देशाने सूर्यशक्तीकडे वळावे असे सांगत होते. भाभांच्या संस्थेत राहून हे बोलणे सोपे नव्हते. जागतिक शांतता चळवळीतही ते वावरत. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. गणितज्ञ म्हणत, हे इतिहासात रमले. जुन्या वळणाचे इतिहासपंडित म्हणत, हे गणितवाले, यांना आमच्या शास्त्रात काय कळते. प्रत्येक वर्तुळाने त्यांना दुसऱ्या वर्तुळात ढकलले. १९६४ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना मानद स्वरूपाचे संशोधनपद मिळाले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता. जन्मशताब्दीनंतर, २००८ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आता थोडे आपल्याकडचे. आपल्या भागात कोण किती, हा प्रश्न आकड्यांत बोलला जातो. मराठी इतके, कानडी इतके, असे दोन आकडे भाषणांतून ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून एकच भाषा नोंदवली जात होती. तिच्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा वेगळ्या प्रश्नात विचारल्या जात होत्या. मातृभाषेचे रकाने तेवढे उचलले, तर प्रत्येक माणूस एकाच बाजूला पडतो आणि दोन्ही भाषा जाणणारा कुठे दिसतच नाही. मी चाचणीत त्याला दोनदा मोजले, तर तेथे तो मधल्या भागातून नाहीसा होतो. दोन्ही वर्तुळांचे आकडे बिनचूक असले तरी सामाईक भाग त्यांवरून कळत नाही. ४० आणि ३६ एवढेच ठाऊक असेल तर ६० जणांच्या वर्गात दोन्ही वाचणारे किमान १६ असतील आणि जास्तीत जास्त ३६ असतील, यापलीकडे काही सांगता येत नाही. नेमका आकडा हवा असेल तर त्यांना वेगळे विचारावेच लागते.

आपल्या या वार्षिकातही मराठी विभाग आणि कानडी विभाग असे दोन भाग आहेत. संभाव्यतेला आपण मराठीत संभाव्यता म्हणतो, कानडी मित्र संभवनीयते म्हणतात; शब्द एवढे जवळचे असूनही आपण बहुधा आपापला विभाग वाचून अंक मिटतो. अंक किती जणांनी नेला याची नोंद ग्रंथालयात असते. दोन्ही विभाग किती जणांनी वाचले याची नसते. मी स्वतः गेल्या वर्षीचा कानडी विभाग उघडलाही नव्हता, हे येथे कबूल करतो. हा लेख लिहून झाल्यावर तो काढून बसलो आहे. पुढच्या अंकाच्या वेळी संपादक मंडळाने परवानगी दिली, तर प्रत्येक वर्गात फिरून हा तिसरा प्रश्न विचारायचे मी आणि माझ्या कानडी विभागातील मित्राने ठरवले आहे. आकडा जो येईल तो छापू. त्याला भागायला घेण्यापूर्वी मात्र मी तो सरांना दाखवीन.